सहकुटुंब फिल्मसिटी : निवडीचे शास्त्र

फिल्मसिटी म्हणजे खोट्या वस्तू खऱ्या तिकिटाने दाखवणारे गाव. तिथला राजवाडा प्लायवूडचा असतो, किल्ल्याचा बुरूज प्लास्टर ऑफ पॅरिसचा आणि देवळाचा कळस फायबरचा. एकच इमारत पुढून कोर्ट असते, मागून इस्पितळ, आणि मध्ये टेकू दिलेल्या बांबूंखेरीज काही नसते. खरे असते ते ऊन आणि पाण्याच्या बाटलीची किंमत. तरीही पोरांच्या परीक्षा आटोपत आल्या की बुलढाणा जिल्ह्यातल्या घराघरांत ‘यंदा फिल्मसिटी पाहू’ असा ठराव येतो आणि पाच मिनिटांत एकमताने मंजूर होतो. कोणती फिल्मसिटी, हा प्रश्न त्यानंतर निघतो आणि घर दुभंगते.

स्टुडिओ आणि कुटुंब यांचे नाते मराठी माणसाला नवे नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला, तेव्हा दादरचे राहते घर हाच त्यांचा स्टुडिओ होता. सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सगळे पाहत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले गेले. सहकुटुंब स्टुडिओ पाहायला जाण्याची तेव्हा सोयच नव्हती, कारण कुटुंब आधीच तिथे राबत होते.

परक्या माणसांना तिकीट लावून आत घ्यावे, ही युक्ती अमेरिकेतली. कार्ल लेमली यांनी 1915 साली कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल सिटी उघडली आणि 25 सेंटांत शूटिंग पाहण्याची सोय केली. त्यात कोंबडीच्या जेवणाचा डबाही मिळे. पुढे बोलपट आले, प्रेक्षकांचा गलका कामात येऊ लागला आणि ही सोय बंद पडली. ती पुन्हा रीतसर सुरू व्हायला 1964 साल उजाडले. दोन मुले घेऊन मलकापूर ते कल्याण प्रवास केलेल्या कोणालाही या इतिहासाचे आश्चर्य वाटत नाही.

आता पर्याय. पहिला मुंबईचा. गोरेगावची चित्रनगरी राज्य सरकारने 1977 साली उभारली आणि पुढे तिला दादासाहेब फाळक्यांचे नाव दिले. सुमारे 520 एकरांच्या या जागेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान खेटून आहे. त्यामुळे कुठल्याही मालिकेत भूमिका नसलेले बिबटे अधूनमधून सेटवर येऊन जातात. घरातली मुले या पर्यायाच्या बाजूने असतात, कारण ‘तारक मेहता’मधली गोकुलधाम सोसायटी तिथे आहे. आजीही याच बाजूने असते, पण तिचे कारण वेगळे असते. रात्री साडेआठच्या मालिकेतली सून तिला प्रत्यक्ष गाठायची असते.

“तिले एकदा तोंडावर सांगतो, त्या जावेवर इश्वास ठेवू नको म्हणा.”

“आई, ती नटी आहे. ते सगळं लिहिलेलं असतं.”

“मंग लिहिणाऱ्याले सांगतो.”

दुसरा पर्याय हैदराबादचा. रामोजी राव यांनी 1996 साली वसवलेली रामोजी फिल्मसिटी दीड हजार एकरांहून मोठी आहे. चित्रपटांचे जगातले सर्वांत मोठे संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. हा आकडा घरात वाचून दाखवला की आजोबा पेपर खाली ठेवतात.

“दीड हजार एकर? अन् त्याच्यात पेरतात काय?”

“गाणी.”

“पाणी लागत असन ना त्याले.”

यानंतर दीड हजार एकरांत सोयाबीन किती क्विंटल होईल, यावर बैठकीचा अर्धा तास जातो आणि तो इतिवृत्तात येत नाही.

तिसरा पर्याय कोल्हापूरच्या मोरेवाडीतल्या चित्रनगरीचा. तो आईला पसंत असतो, कारण त्यात अंबाबाईचे दर्शन होते. वडिलांनाही पसंत असतो, पण तांबड्या रश्श्याचे नाव ते काढत नाहीत. चौथा कर्जतचा. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 साली उभारलेल्या तिथल्या स्टुडिओत ‘जोधा अकबर’चा शाही थाट उभा राहिला होता. पाचवा पर्याय शिक्षक असलेल्या काकांचा. ‘प्रभात’ 1929 साली कोल्हापुरात स्थापन झाली, 1933 साली पुण्याला आली आणि 1960 पासून त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, हे काका एका दमात सांगतात आणि मुलांनी तेच पाहावे असा आग्रह धरतात.

“तिथं काय आहे, काका?”

“वारसा आहे, बाळा.”

“त्याच्यात बसता येतं का?”

काकांचा पर्याय इथे बाद होतो. सहावा पर्याय खोपोलीच्या इमॅजिकाचा. 2013 साली सुरू झालेले ते मनोरंजन उद्यान आहे, फिल्मसिटी नव्हे, हे पोरांना दर वर्षी नव्याने समजवावे लागते. तिथे ‘मिस्टर इंडिया’च्या नावाची राइड आहे, एवढा पुरावा त्यांना पुरतो. सातवा पर्याय सिंगापूरचा. शेजाऱ्यांच्या जावयाने तिथल्या युनिव्हर्सलच्या फिरत्या गोलापुढचे फोटो धाडलेले असतात. हा पर्याय फक्त फोटो मोठे करून पाहण्यापुरता चर्चेला घेतात.

यानंतर भूगोल. बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा असले तरी जिल्हे मनाने दोनच आहेत : घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालची गावे मुंबई–नागपूर लोहमार्गावर आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा हे घाटावरचे. त्यांतल्या अनेकांना रेल्वे पाहायची तर आधी घाट उतरावा लागतो. खामगाव–जालना रेल्वेमार्गाची चर्चा इंग्रजांच्या काळापासून चालू आहे आणि त्या मार्गावरून आजवर फक्त निवेदनेच धावली आहेत. उलट समृद्धी महामार्ग घाटावरून गेला. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा हा रस्ता 2025 साली पुरता खुला झाला आणि मेहकर, सिंदखेडराजाकडचे लोक मुंबईचे अंतर तासांत सांगू लागले.

त्यामुळे सहलीत घाटावरचा एक साडू आणि घाटाखालचा एक साडू असेल, तर निर्णय अवघड होतो. घाटाखालचा म्हणतो, “विदर्भ एक्स्प्रेसनं रात्री बसा, सकाळी दादर.” घाटावरचा म्हणतो, “रात्री राजूर घाट उतरून मलकापूरले यायचं, तेवढ्यात गाडीनं आपण शिर्डीच्या पुढं असतो.” मुक्कामाचे ठिकाण दोघांनाही मान्य असते. भांडण फक्त आपल्या दारावरून जाणाऱ्या वाटेच्या इज्जतीचे असते.

अर्थशास्त्राचा भाग याहून नाजूक आहे. एसटीत 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे आणि 2023 पासून महिलांना निम्मे भाडे आहे. मुलांचे बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट आधीपासूनच आहे. म्हणजे लालपरीत आजी फुकट, आजोबा फुकट, आई अर्धी, मुले अर्धी आणि साऱ्या कुटुंबात पूर्ण तिकिटाचा मान एकट्या वडिलांना. या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या आहेत, हे कळताच आजोबांचे हैदराबादविषयीचे कुतूहल मावळते. “त्या राज्यात आपली किंमत नाई,” असे ते जाहीर करतात आणि आधार कार्ड जपून खिशात ठेवतात.

रेल्वे आरक्षणाने पूर्वी अशा मतभेदांना पुरेसा अवधी दिला होता. 120 दिवस आधी तिकिटे काढता येत, म्हणजे चार महिने भांडता येई. नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 60 दिवसांवर आली. भांडणाची मुदत मात्र कोणी कमी केलेली नसल्याने वेळापत्रक बिघडले आहे. हल्ली निर्णय होतो तेव्हा प्रतीक्षा यादी 87 वर असते. कुटुंबप्रमुख म्हणतात, “होतं कन्फर्म, मे महिन्यात कोणी जात नाई.” ते 87 जण मे महिन्यातच चाललेले असतात.

या सगळ्या घटकांचा साकल्याने विचार केल्यावर जी फिल्मसिटी योग्य ठरते, तिथे कोणी जात नाही. प्रत्यक्ष निवड एका वाक्यावर होते. वडिलांचा एक मावसभाऊ हैदराबादला दिलसुखनगरात दोन खोल्यांत राहतो. त्याने तीन वर्षांपूर्वी एका लग्नात, ताटात जिलबी वाढता वाढता, “या की एकदा तिकडे” असे म्हटलेले असते. म्हणताना त्याचे लक्ष जिलबीकडे होते. पण ते वाक्य वडिलांच्या पोटात जिलबीसोबत गेले आणि तिथेच राहिले. आता ते बाहेर येते. मुक्कामाचा खर्च वाचतो, हे कळल्यावर गोकुलधाम, अंबाबाई, वारसा आणि सिंगापूर एकाच वेळी माघार घेतात. फोनवर मावसभाऊ चार सेकंद गप्प राहतो. ती शांतता “आनंदानं बोलता येईना बिचाऱ्याले” अशी समजली जाते. फिल्मसिटीच्या नावाखाली निवडला जातो तो मावसभाऊ.

वाट ठरते ती अकोल्यावरून. अकोला–पूर्णा मार्ग 2008 साली ब्रॉडगेज झाला, तेव्हापासून वऱ्हाडातून वाशीम, हिंगोली, नांदेडमार्गे काचीगुड्याला सरळ जाता येते. सामानात सहा जणांचे कपडे एका बॅगेत आणि खाणे तीन पिशव्यांत असते. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे, कारण आजीच्या मते राज्याबाहेर कांदा मिळत नाही. मावसभावासाठी शेगावची कचोरी वेगळी बांधून घेतात. अकोल्याला तिची संख्या पन्नास असते, हिंगोलीला अडतीस आणि काचीगुड्याला एकवीस. त्या आकड्यालाही ‘भावासाठी आठवणीनं आणली’ असे म्हणता येते.

फिल्मसिटी कोणतीही असो, तिच्या दाराशी दोन परीक्षा होतात. पहिली उंचीची. लहान मुलांचे तिकीट अनेक ठिकाणी वयावर नसून उंचीवर असते. आई मुलीला कानात सांगते, “थोडी गुडघ्यात वाक.” मुलगी वाकते, तिकीट निम्मे होते. अर्ध्या तासाने ती एका राइडच्या रांगेत उभी राहते आणि तिथेही एक खांब असतो. इथे मात्र त्या रेघेहून उंच असेल त्यालाच आत सोडतात. आता आई म्हणते, “ताठ उभी राहा, टाचा वर कर.” मुलगी खांबाला पाठ लावून मोठ्याने विचारते, “मम्मी, आता मी मोठी आहे का लहान? एकदाचं सांग ना.” रांगेतली चाळीस माणसे उत्तराची वाट पाहतात.

दुसरी परीक्षा पिशव्यांची. लेमलींच्या काळात कोंबडीचा डबा आतून मिळे, आता पुरीही बाहेरून नेता येत नाही. रक्षक चेन उघडतो आणि फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवतो.

“ये क्या है?”

“प्रसाद,” आजी म्हणते.

“इतना?”

“सत्तावीस पुऱ्या हाय. मोजून घ्या.”

अन्न टाकून देणे घरच्या शिकवणुकीत बसत नाही. तेव्हा सकाळी पावणेदहाला, जगभरातून आलेल्या पर्यटकांच्या साक्षीने, सारे कुटुंब दाराशेजारच्या कठड्यावर बसून सत्तावीस पुऱ्या संपवते. दोन रक्षकालाही मिळतात. त्यानंतर चक्री पाळण्यात कोणी बसायचे, हा प्रश्न आपोआप निकालात निघतो.

आत शिरल्यावर उघड्या बसमधून फेरी असते. मार्गदर्शक डावीकडे लंडन, उजवीकडे काश्मीर दाखवत जातो. मुले फक्त एकच विचारतात : ‘कोण आहे आत?’ शूटिंग दिसण्याची शक्यता थोडी असते आणि दिसलेच तर ते तारेच्या कुंपणापलीकडे एक माणूस छत्री धरून उभा आहे, एवढे दिसते. तो माणूस नट आहे की छत्रीवाला, यावर घरी परतेपर्यंत वाद चालतो. फायबरच्या देवळापुढे आजी बस थांबवायला लावते आणि चपला काढते.

“माँजी, अंदर भगवान नहीं है.”

“दुपारची वेळ हाय. बाहेर गेले असतील,” असे म्हणून ती दहाचे नाणे उंबऱ्यावर ठेवते. ते नाणे तेवढे खरे असते.

आजीचा खरा संताप पावसावर होतो. चित्रपटातला पाऊस टँकरच्या पाण्यावर पाडतात. वर छिद्रांचे पाइप ताणतात, पंप चालू करतात आणि नायिका भिजते. ज्या घरी उन्हाळ्यात नळाला पाणी येण्याचा दिवस कॅलेंडरवर खुणेने लिहून ठेवतात, त्या घरच्या बाईला हे बघवत नाही.

“एका गाण्याले अख्खं टँकर?”

“कधी कधी दोन,” मार्गदर्शक अभिमानाने सांगतो.

“तेवढ्यात आमची गल्ली आठ दिवस भागते. त्या पोरीले म्हणावं कोरडीच नाच.”

बसमध्ये शेजारी पुण्याचे एक कुटुंब असते. बुलढाण्याचे नाव ऐकताच त्यांचे डोळे चमकतात.

“अरे वा, म्हणजे लोणार तुमचं! काय विवर आहे हो. उल्केनं झालेलं, अठराशे मीटर व्यास. 2020 साली पाणी गुलाबी झालं, तेव्हा आम्ही खास येणार होतो. तुम्हाला काय, वाटेल तेव्हा जात असाल.”

बुलढाण्याचे कुटुंब एकमेकांकडे पाहते. घरापासून दोन तासांच्या वाटेवरचा, कुठल्याही कलादिग्दर्शकाशिवाय उभा राहिलेला तो देखावा सहापैकी एकानेच पाहिलेला असतो. तोही शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा त्याला बस लागली होती. “हो, छानच आहे,” वडील म्हणतात आणि प्लायवूडच्या लंडनकडे लक्षपूर्वक पाहू लागतात.

अशा सहलींत हमखास असणारा एक खेळ म्हणजे प्रेक्षकांतूनच नटमंडळी निवडून सिनेमा कसा बनतो ते दाखवणे. पडद्यामागची विद्या त्यात उघड होते : घोडा नसताना टाप कशी ऐकू येते, जागचा न हललेला टांगा कसा धावतो, पत्रा हलवला की वीज कशी कडाडते. आईला घोडा नसलेल्या टांग्यावर बसवतात आणि चाबूक हातात देतात. ती पदर खोचते. सोबत आलेल्या घाटाखालच्या साडूंना गडगडाटासाठी पत्रा मिळतो. वडिलांच्या हाती नारळाच्या दोन करवंट्या येतात. करवंट्या फळीवर आपटल्या की टापांचा आवाज होतो. एवढे एकच काम, पण ठेक्यात.

चित्रण झाल्यावर ते सारे जोडून मोठ्या पडद्यावर दाखवतात. मागून डोंगर-झाडे सरसर पळतात, टांगा बेफाम सुटतो, आईच्या चेहऱ्यावर करारी भाव असतो. साडूंची वीज वेळेवर कडाडते. फक्त टापा उशिरा येतात. तीन येतात, मग थांबतात, मग अचानक पाच येतात. घोडा लंगडत चालला आहे, वाटेत काहीतरी विसरला आहे आणि ते आठवून पुन्हा धावत सुटला आहे, असा एकूण परिणाम होतो. शेवटी टांगा थांबून आई खाली उतरते, तरी दोन टापा शिल्लक असतात. सहाशे प्रेक्षक हसून लोटपोट होतात.

परतताना आई एवढेच म्हणते, “आयुष्यात एकदा हिरॉइन झाले होते.”

“करवंट्या लहान होत्या,” वडील म्हणतात.

“भाऊजींचा पत्रा कसा वेळेवर वाजला?”

याला उत्तर नसते. घाटाखालचे साडू त्या दिवसापासून प्रत्येक लग्नकार्यात ही हकीगत सांगतात आणि सांगताना ताटल्यांवर चमचा वाजवून प्रात्यक्षिकही दाखवतात.

मुलांना सर्वांत जास्त काय आवडले, हे परतीच्या गाडीत विचारतात. मुलगा म्हणतो, मावसकाकांच्या इमारतीची लिफ्ट. मुलगी म्हणते, दाराशी पुऱ्या खाल्ल्या ते. वडील मनात तिकिटांची बेरीज करतात आणि खिडकीबाहेर पाहतात. मुलांना यात काही गैर वाटत नाही. राजवाडा खोटा आहे, हे त्यांना पहिल्या मिनिटाला कळलेले असते. मोठी माणसे मात्र संध्याकाळपर्यंत भिंतींवर टकटक करून खात्री करत फिरतात.

सहलीचा हिशेब घरी मांडतात तेव्हा तो असा दिसतो : फिल्मसिटी निवडण्यास सात आठवडे, जाण्या-येण्यास तीन दिवस, पाहण्यास आठ तास, त्यातले दोन रांगेत आणि एक पुऱ्यांत. मावसभावाने निरोप देताना “पुन्हा या” म्हटले नाही, ही गोष्ट फक्त आईच्या ध्यानात आलेली असते.

एकदा जाऊन आलेला माणूस या विषयातला जाणकार ठरतो. पुढच्या एप्रिलात शेजारी वही घेऊन सल्ल्याला येतात. मुंबई बरी की हैदराबाद, रेल्वे बरी की समृद्धी, मुलांना काय आवडेल, आजी-आजोबांना झेपेल का, असे सारे प्रश्न विचारतात. कुटुंबप्रमुख चहा संपेपर्यंत विचार करतात, स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहून घेतात आणि आवाज खाली आणून सांगतात :

“कुठं बी जा. पोरीची उंची घरूनच मोजून न्या, पुऱ्या गाडीतच संपवा. अन् कोणी करवंट्या हातात द्यायला लागलं, तर म्हणा, आम्हाले पत्रा द्या.”